डोळे तेवढे काकू काढायच्या

कळव्यात कारशेडच्या बाजूला ही पत्र्याची शेड, बाहेरून गॅरेजच वाटेल. आत आलं की ओल्या मातीचा वास (तो काय कॅमेऱ्यात येत नाही) आणि फळ्यांवर ओळीने बसलेले गणपती, सगळे पांढरे, रंग अजून लागायचाय.

काका मूळचे पेणजवळच्या हमरापूरचे. तिकडे घरटी कारखाना, कारखाना म्हणजे गणपतीचाच. काकू त्यांच्याकडे आखणीला यायच्या, मूर्तीचे डोळे काढतात ती आखणी. काका सांगतात, मी मुद्दाम अंगाचा रंग ओला ठेवायचो, म्हणजे तिला उद्या परत यायला लागायचं. हे सांगताना हसलेत बघा.

आता माती. शाडू भावनगरकडून येते, पोत्यातून, पिठासारखी. भिजवायची, मुरवायची, मग मळायची, आणि मळायची म्हणजे कणकेच्या दहापट, कारण एक खडा राहिला की नेमका तिथेच तडा जातो. साच्यात थापायची, दोन भाग जोडायचे, सांधा ओल्या बोटाने बुजवायचा, सोंड आणि हात मागाहून लावायचे. वाळवायची सावलीत, उन्हात ठेवली की फुटली. पावसाळ्यात किती दिवस लागतील ते गणपतीलाच माहीत. पीओपीला ही कटकट नाही, ओतलं की थोड्या वेळात घट्ट, वर वजनाला हलकं. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्ती नकोत असे नियम काढले, जून २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने बनवायला मोकळीक दिली, तेव्हा अट एवढीच होती की नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको. काका यावर बोलत नाहीत, त्यांना कामं पडलीयेत. आम्ही बोलतो. शाडू पाण्यात विरघळते, पीओपी तसंच पडून राहतं, बुकिंग करताना एवढं तरी विचारा ना.

काकू कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. त्या वर्षी हरतालिका आली तरी मूर्त्यांना डोळे नव्हते, शेवटी गावाहून एक जण येऊन काढून गेला.

आता काका स्वतः काढतात. शेजारचा पंखा बंद. आधी पांढरं, मग बुबुळ, शेवटी पापणीची काळी रेघ, शून्य नंबरचा ब्रश, श्वास धरून, एका दमात. चुकली तर पुसून परत पांढऱ्यापासून.

काकूंनी काढलेले डोळे शूट करायचे होते आम्हाला. एकही मूर्ती नाही. तीसेक वर्षांचं काम, सगळं शाडूचं, सगळं विसर्जन झालेलं.

पुतण्याच्या मोबाइलमध्ये अकरा सेकंदांची क्लिप आहे, त्यात काकूंचा फक्त हात दिसतो, हिरव्या बांगड्या, ब्रश, अर्धी पापणी. मागून काकांचा आवाज येतो, चहा झालाय गं.

काका क्लिप थांबवतात. रेघ संपताना ब्रश कसा उचललाय ते बघतात, परत मागे घेतात, परत बघतात. मग मोबाइल पालथा ठेवून समोरची मूर्ती जवळ ओढतात.