गिटारने गाडी वळत नाही

[दृश्य: जमिनीवर अंथरलेला डान्स पॅड. एक पाय डाव्या बाणावर, दुसरा उजव्या.]

डान्स पॅड, गिटार, बोंगो असले विचित्र कंट्रोलर पीसीला जोडले, की काय होतं? हे बघा. पडद्यावर डावा आणि उजवा बाण एकत्र आले, दोन्ही पाय नेमके त्यांवर पडले. तरी खेळ म्हणतो, चुकलं!

पॅड ठणठणीत आहे. घोळ आहे तो मधल्या अ‍ॅडॉप्टरचा. जुने पॅड यूएसबीला जोडणारे काही अ‍ॅडॉप्टर बाणांना बटणं न मानता जॉयस्टिकच्या दिशा मानतात. आता एकच दांडा एका वेळी डावीकडेही आणि उजवीकडेही झुकणार कसा? दोन्ही दिशा एकमेकींना खाऊन टाकतात. बाण बटणं म्हणून पाठवणारा अ‍ॅडॉप्टर लावला, की तोच पॅड सुरळीत चालतो.

कॉम्प्युटरला हातात गिटार आहे की ढोल, याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला दोनच गोष्टी कळतात : बटण दाबलं की नाही, आणि अक्ष, म्हणजे स्टिकसारखा हळूहळू सरकणारा भाग, किती सरकला.

[दृश्य: खेळण्यातली गिटार, पडद्यावर रेसिंग गेम.]

गिटारच्या मानेवरच्या पाच फ्रेट म्हणजे पाच बटणं. तारा छेडायची पट्टी, म्हणजे स्ट्रम बार, वर-खाली, डी-पॅडच्या (गेमपॅडवरच्या चार दिशांच्या बटणांच्या) सारखा. ‘जरासं वळ’ हे तिला सांगताच येत नाही, म्हणून गाडी झटके खात भिंतीवर जाते. सूर थरथरवायचा दांडा, म्हणजे व्हॅमी बार, तेवढा हळूहळू दाबता येतो, पण एकाच बाजूला. त्यावर अ‍ॅक्सिलरेटर ठेवून बघा, मजा येते. स्टिअरिंगचं मात्र विसरा.

निन्टेन्डोच्या गेमक्यूब या गेम कन्सोलच्या बोंगोंना (जोड-ढोलांना) टाळी ऐकण्यासाठी मायक्रोफोन आहे. टाळीवर उडी ठेवली, तर हेडफोन लावलेले बरे. नाहीतर स्पीकरमधला स्फोटही टाळी ठरायचा.

2005 मध्ये एक्सबॉक्स 360 सोबत एक्सइनपुट, म्हणजे खेळाने कंट्रोलर वाचायची मायक्रोसॉफ्टची नवी पद्धत, आलं आणि पीसीवरचे बरेच खेळ दोन स्टिक, दोन ट्रिगर हेच गृहीत धरू लागले. त्याआधीच्या डायरेक्टइनपुट पद्धतीत 8 अक्ष आणि 128 बटणं मावतात, आणि विचित्र यंत्रं बहुधा तीच बोलतात. त्यामुळे विंडोजला यंत्र दिसतं, एक्सइनपुटच ऐकणाऱ्या खेळाला दिसत नाही. मग स्टीम इनपुट किंवा जॉयटूकी असं बटणांचं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर मध्ये घालायचं आणि बोंगोला कीबोर्ड म्हणून खपवायचं.

व्हॉल्व्ह कंपनीचा 2015 चा स्टीम कंट्रोलर मुळात पीसीसाठीच घडवलेला. त्याच्या ट्रॅकपॅडवर माउसचे खेळ खरोखर खेळता येतात. पण सेटिंगशी झटायची तयारी हवी, आणि ती सगळ्यांकडे नसते. 2019 मध्ये तो बंद झाला.

[दृश्य: दोन मोठी गोल बटणं असलेला पांढरा कंट्रोलर. कॅमेरा मागच्या बाजूला जातो.]

2018 चा एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर. मागे 3.5 मिलिमीटरची 19 सॉकेट, प्रत्येकात एक वेगळा स्विच. ज्याला नेहमीचा गेमपॅड हातात धरता येत नाही, त्याच्यासाठी हा विचित्र नाही, नेहमीचा पॅडच विचित्र. एक स्विच हनुवटीखाली, एक कोपराशी, एक पायाशी. उडी कुठल्यावर ठेवायची, हे ठरवण्यातच पहिली संध्याकाळ जाते.