खोडदच्या तबकड्या आणि आकाशातली घड्याळं

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याहून नाशिककडे निघालं की सुमारे ८० किलोमीटरवर नारायणगाव लागतं. तिथून आत वळलं की खोडद. द्राक्षबागा, टोमॅटोचे मळे, ऊस, आणि त्यातून वर आलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या. ही आपली जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. तबकड्या एकूण ३०. त्यातल्या १४ साधारण चौरस किलोमीटरभर जागेत, उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पांगलेल्या.

जवळ गेलात तर दिसेल की तबकडी भरीव नाही. ताणलेल्या दोरांवर स्टीलच्या बारीक तारांची जाळी बांधली आहे आणि तिच्यातून आभाळ दिसतं. जाळीची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची. इथे टिपल्या जाणाऱ्या रेडिओलहरींची लांबी मात्र वीस सेंटिमीटर आणि त्याहून जास्त. त्यामुळे लहर जाळीवर आपटून परतते आणि वारा पार निघून जातो. वाऱ्याचा जोर नाही म्हणून सांगाडा हलका, आणि खर्चही आटोक्यात. ही कल्पना प्राध्यापक गोविंद स्वरूप यांची. पैसा कमी म्हणून मोठं काही करायचं नाही, हे त्यांनी कधी मानलं नाही.

या तबकड्यांनी केलेलं एक काम मला आज सांगायचं आहे. उद्या ऑफिसात डबे उघडाल तेव्हा शेजारच्याला जरूर सांगा.

गुरुत्वीय लहरी, म्हणजे जाता जाता अवकाशालाच किंचित ताणणाऱ्या-आवळणाऱ्या लहरी, २०१५ साली पहिल्यांदा थेट टिपल्या गेल्या, अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली, त्याची ती लहर. सेकंदाच्या अंशात येऊन गेलेली. पण दीर्घिकांच्या मध्यभागी सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाची कृष्णविवरं असतात. दोन दीर्घिका एकत्र आल्या की त्यांची कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरू लागतात, आणि तीही अतिशय सावकाश. त्यांची एक लहर आपल्यावरून पुरती जायला कित्येक वर्षं लागतात. लायगोच्या भुजा चार किलोमीटरच्या. तिथे ही लहर उमटणारच नाही. त्यासाठी प्रकाशवर्षांत मोजावं असं उपकरण लागतं.

ते उपकरण निसर्गानं आधीच मांडून ठेवलं आहे. पल्सार, मराठीत स्पंदक. मेलेल्या ताऱ्याचा हा गाभा. सूर्यापेक्षा जास्त वस्तुमान एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात दाबलेलं. दक्षिण मुकुट तारकासमूहात असा एक आहे, त्याला नावाऐवजी आकडाच दिलाय, जे १९०९-३७४४. तो सेकंदाला सुमारे ३३९ वेळा स्वतःभोवती फिरतो. दर फेरीला त्याचा रेडिओझोत पृथ्वीवरून जातो आणि दुर्बिणीत एक ठोका पडतो. हे ठोके इतके नियमित की पुढचा ठोका कधी येणार हे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी चुकीने सांगता येतं.

मधल्या अवकाशातून गुरुत्वीय लहर गेली तर ठोका किंचित लवकर किंवा उशिरा येईल. किंचित म्हणजे सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग. मग हा फरक लहरीमुळेच पडला, आपलं पृथ्वीवरचं घड्याळ चुकलं नाही, हे कशावरून? घड्याळ चुकलं तर सगळेच स्पंदक सारखे पुढेमागे होतील. लहर असेल तर तसं होत नाही. आकाशात जवळजवळ असलेल्या दोन स्पंदकांचे फरक एकमेकांशी जुळतात, सुमारे नव्वद अंशांवरच्या जोडीत ते उलट जातात, आणि अगदी समोरासमोरच्या जोडीत पुन्हा काही प्रमाणात जुळतात. हेलिंग्ज आणि डाउन्स या दोघांनी १९८३ साली हे गणितानं मांडलं. त्यानंतर चाळीस वर्षं लोक त्या नक्षीची वाट पाहत होते.

आता खोडदचं काम. तारे आणि आपण यांच्यामधली जागा रिकामी नाही, तिथे विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले आहेत. ते रेडिओलहरींना अडवत नाहीत, पण उशीर करतात, आणि वारंवारता जितकी कमी तितका उशीर जास्त. मी सांगितलेल्या स्पंदकाचा ४०० मेगाहर्ट्झवरचा ठोका १४०० मेगाहर्ट्झवरच्या ठोक्यानंतर जवळजवळ पाव सेकंदाने पोचतो. शोधायचा आहे एक कोटीवा भाग, आणि इथे पाव सेकंद! तो उशीर ठरलेला असता तर वजा करून मोकळे झालो असतो. पण मधले इलेक्ट्रॉन कमीजास्त होतात, सूर्याकडून येणारा सौरवारा त्यात भर घालतो, आणि उशीर हळूहळू बदलत राहतो. नेमक्या ज्या लहरी शोधायच्या, त्याही अशाच हळू बदलतात.

हा बदल ४०० मेगाहर्ट्झवर १४०० च्या मानाने बारापट ठळक दिसतो. म्हणून तो कमी वारंवारतेवरच मोजायचा. जीएमआरटीत काही तबकड्या वारंवारतेच्या एका पट्ट्यावर आणि काही दुसऱ्या पट्ट्यावर लावून एकाच वेळी दोन्ही मोजमापं घेता येतात. इंडियन पल्सार टायमिंग ॲरे या गटातले भारतीय आणि जपानी संशोधक वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. तोच स्पंदक, तीच नोंद, पुन्हा काही दिवसांनी तोच स्पंदक.

२९ जून २०२३ रोजी युरोपीय आणि भारतीय गटांनी मिळून २५ स्पंदकांच्या नोंदींवरून जाहीर केलं की त्या सावकाश लहरींच्या खुणा दिसताहेत. अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी गटांचे निष्कर्षही त्याच सुमारास आले. कुणीही ‘शोध लागला’ म्हटलं नाही, ‘पुरावा मिळाला’ एवढंच म्हटलं. शोध म्हणायला योगायोगाची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एकाहून कमी असावी लागते, आणि तिथवर हे आकडे अजून पोचलेले नाहीत. बातम्यांत मथळा लहरींचा झाला. माझ्या मते मथळ्याचा मान इलेक्ट्रॉनांचा उशीर निगुतीनं मोजणाऱ्यांनाही मिळायला हवा होता, कारण तो वजा केल्याशिवाय नक्षी दिसतच नाही.

या लहरी कृष्णविवरांच्या जोड्यांच्याच आहेत की विश्वाच्या अगदी आरंभीच्या, हेही अजून ठरायचं आहे. नोंदी जितकी वर्षं चालतील तितकं ते स्पष्ट होत जाईल.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं. शाळकरी मुलं आपले प्रयोग मांडतात, दुर्बीण पाहायला मिळते, आणि शास्त्रज्ञ समोर उभे राहून उत्तरं देतात. ऑफिसातल्या चारचौघांना घेऊन जा. तिथे कुणी पल्सारवाले भेटले, तर या वर्षी सौरवाऱ्यानं त्यांना किती त्रास दिला, ते विचारा. ते तुम्हाला लवकर सोडणार नाहीत.

नमस्कार.