एका माणसाची केबिन, दोघांचं भाडं

श्रोतेहो, नमस्कार.

क्रूझच्या जाहिरातीत भाड्याचा आकडा ठळक असतो आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: माणशी, एका खोलीत दोघे. एकट्याने पहिल्यांदाच क्रूझला निघायचं असेल तर आधी ती बारीक ओळ वाचायची. जहाजावर पोहण्याचे तलाव किती, नाटकगृह केवढं, हे सगळं मागाहून. केबिन विकली जाते ती दोघांच्या हिशेबानं. मंगल कार्यालयातली खोली घेतली की आत एक झोपला काय आणि दोघं झोपले काय, पावती खोलीचीच फाटते, तसंच हे. या जादा आकाराला सिंगल सप्लिमेंट म्हणतात. काही कंपन्या तो पन्नास टक्के लावतात, काही पूर्ण शंभर टक्के.

हिशेब कागदावर मांडा. समजा, माणशी भाडं 40,000 रुपये आहे. पन्नास टक्के सप्लिमेंट म्हणजे 60,000, शंभर टक्के म्हणजे 80,000. पण दुप्पट होतं ते फक्त केबिनचं भाडं. बंदराचं शुल्क आणि जहाजावरची टिप ही डोक्यामागे असते, तुमचं डोकं एकच. एजंटानं सगळ्या रकमेला सरसकट दोननं गुणलं असेल तर त्याला थांबवा आणि म्हणा, भाडं वेगळं दाखवा, शुल्क वेगळं दाखवा. पुन्हा सांगतो: भाडं वेगळं, शुल्क वेगळं. परदेशी जहाजांवर टिप माणशी रोज साधारण 15 ते 20 डॉलर धरावी लागते. सात रात्रींचे 105 ते 140 डॉलर झाले, आणि जाहिरातीतल्या आकड्यात ते बहुतेक वेळा नसतात.

एकट्यासाठी म्हणून बांधलेल्या केबिनही असतात. नॉर्वेजियन नावाच्या क्रूझ कंपनीनं 2010 साली ‘एपिक’ जहाजावर अशा 128 केबिन काढल्या, त्यांना स्टुडिओ म्हणतात. आकार शंभर चौरस फूट, म्हणजे आपली दहा बाय दहाची खोली. समुद्राकडे खिडकी नाही, पण एकट्यांसाठी वेगळी बैठकीची जागा ठेवली होती. तिथं कॉफी घ्यायची, ओळखी करायच्या. क्युनार्ड कंपनीच्या ‘क्वीन मेरी 2’ जहाजावर 2016 मध्ये अशा 15 केबिन घातल्या. आकडे बघा: हजारो प्रवाशांच्या जहाजावर एकट्याच्या केबिन पंधरा. त्या लवकर संपतात, आणि मागणी जास्त म्हणून कधी कधी साध्या केबिनला सप्लिमेंट लावूनही जी किंमत होते तिच्याही वर जातात. तेव्हा एकाच तारखेचे दोन्ही भाव मागवा.

पहिल्याच वेळी सात रात्रींची उडी मारायची गरज नाही. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज निघतं, गोव्याकडे, कोचीकडे, लक्षद्वीपकडे. 1990 मध्ये बांधलेलं, आजच्या अवाढव्य जहाजांपुढे लहानच. देशातल्या देशात जायचं तर पासपोर्ट लागत नाही, आधार चालतं. दोन-तीन रात्री करून बघा, आपल्याला समुद्र मानवतो का ते कळेल. जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. कोकणच्या बोटीसुद्धा पावसाळ्यात बंद असायच्या, त्याला कारण होतं. केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथं हेलकावे कमी. भाडं वाचवायला ‘गॅरंटी’ केबिन घेतलीत तर जागा कंपनी ठरवते, आणि ती नेमकी नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, निघाली तर रात्रभर वरखाली व्हावं लागेल. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून बोट हलायच्या आधी घ्यायची. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते.

पैसे भरताना ते परत मिळण्याचे नियम वाचा, कंपनीच बंद पडू शकते. मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ बोट 2018 मध्ये गाजावाजा करून सुरू झाली, 2019 मध्ये जलेश कंपनीची ‘कर्णिका’ आली. आज दोन्ही नाहीत.

दुसरी गोष्ट जेवणाची. शाकाहारी, जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, चढल्यावर सांगू म्हणू नका. सिंगापूरहून निघणाऱ्या ‘जेंटिंग ड्रीम’वर जैन जेवणाची सोय आहे. आणि कंपनीला विचारा: एकट्या माणसाला आठ-दहा जणांच्या टेबलावर बसवता का? जिथं रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं टेबल असतं, तिथं दुसऱ्या रात्री शेजारी नावानं हाक मारतात. जिथं वाटेल तेव्हा या, वाटेल तिथं बसा असं असतं, तिथं एकटा माणूस रोज दोघांच्या टेबलावर रिकाम्या खुर्चीसमोर बसतो. आता कुणी म्हणेल, त्यापेक्षा झेंडेवाल्या गाईडचा ग्रुप बरा, थालीपीठसुद्धा मिळतं. मिळतं खरं. पण सकाळी सहाला खोलीचा फोन वाजवून उठवणारी सहल ही सहल नसून एनसीसीचं शिबिर असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि तिच्यासाठी एक हकिगत सांगायलाच हवी.

मार्च 2024. ‘नॉर्वेजियन डॉन’ नावाचं जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरच्या केपटाउनहून स्पेनच्या बार्सिलोनाला निघालेलं. वाटेत साओ टोमे नावाचं चिमुकलं बेट, आफ्रिकेच्या पश्चिमेला, जवळजवळ विषुववृत्तावर. जहाज धक्क्याला लागलेलं नव्हतं. ते खोल पाण्यात नांगर टाकून उभं, आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर ने-आण. आठ जणांनी जहाजाची सहल न घेता किनाऱ्यावरची खासगी सहल ठरवली, स्वस्तही पडते आणि गर्दीही नसते. जहाजावर परत यायची वेळ दुपारी तीनची. सहलवाल्यानं उशीर केला. ही मंडळी किनाऱ्यावर आली तेव्हा जहाज समोर दिसतंय, नांगर टाकून उभं. पण लहान बोटी परत गेलेल्या.

बेटाच्या तटरक्षकांना दया आली. त्यांनी आठही जणांना आपल्या बोटीत घातलं आणि थेट जहाजाच्या कुशीशी नेलं. वर कप्तान, खाली आठ प्रवासी. आणि कप्तानानं नाही म्हणून सांगितलं! बोट माघारी फिरली, जहाज निघून गेलं.

आता त्यांच्या अंगावर काय, तर सहलीचे कपडे. सामान जहाजावर, काहींची रोजची औषधं जहाजावर. आठ जणांत एक गरोदर बाई. पासपोर्ट मात्र काही जणांचे मिळाले, कारण प्रवासी चढला नाही असं दिसलं की कर्मचारी केबिनमध्ये बघतात आणि सापडलेला पासपोर्ट बंदरावरच्या एजंटाकडे देऊन जातात. मग पैशांचा प्रश्न. बेटावर चालणारं व्हिसा कार्ड निघालं फक्त एका जोडप्याकडे. त्या एका कार्डावर हॉटेल, जेवण, साबण-दंतमंजन, हजारो डॉलर. आठ माणसं आणि चालणारं कार्ड एक! आणि तुम्ही तर एकटे असणार, श्रोतेहो.

पुढचं ऐका. जहाजाचं पुढलं बंदर गांबियातलं बांजुल. ही मंडळी विमानं बदलत, देश ओलांडत बांजुलला पोचली. आणि ओहोटीमुळे पाणी इतकं उतरलेलं की जहाजालाच बंदरात येता आलं नाही! ते बाहेरून पुढं सटकलं. मग नदी ओलांडा, रस्त्यानं सेनेगल गाठा, असं करत शेवटी डाकारला जहाज सापडलं, जवळजवळ आठवड्यानं. कंपनीनं बांजुल ते डाकार एवढाच खर्च देऊ केला. बेटापासून बांजुलपर्यंतचा नाही, कारण वेळ पाळणं ही प्रवाशाची जबाबदारी.

आणि यातली खरी आपल्या कामाची बाब पुढेच आहे. त्याच जहाजावरच्या, ऐंशीच्या आसपासच्या एक बाई आजारी पडून त्याच बेटावर राहिल्या होत्या. त्यांची गाठ या मंडळींशी पडली, त्यांनी बाईंच्या घरच्यांशी संपर्क करून दिला, तेव्हा त्या मायदेशी पोचल्या. ही आठ माणसं वेळेवर परतली असती तर त्या बाईंना तिथं कोण भेटलं असतं?

कप्तान चुकला का? जगभर लोक त्याच्यावर चिडले. मला तो बरोबर वाटतो. एक ठरलेली वेळ आठ जणांसाठी मोडली की पुढच्या बंदरात ऐंशी जण उशिरा येतात. आपल्याकडे खंबाटकीच्या घाटात गाडी अडकली म्हणून मुहूर्त तासभर पुढं ढकलतात आणि मग पहिली पंगत चार वाजता बसते. असो, तो विषय वेगळा.

तर कंपनीला फोनवर विचारायचं: माझ्या मार्गावर किती बंदरांत जहाज धक्क्याला लागतं आणि किती ठिकाणी लहान बोटी आहेत? पहिल्या खेपेला धक्केवाली बंदरं जास्त असलेला मार्ग घ्या. अनोळखी बंदरात जहाजाचीच सहल घ्या, महाग पडली तरी. तिला उशीर झाला तर जहाज आपल्या माणसांसाठी थांबतं, खासगी सहलीसाठी थांबत नाही. हे परत एकदा: जहाजाच्या सहलीसाठी थांबतं, खासगीसाठी नाही.

मोबाइलवर विसंबू नका. तो किनाऱ्यावर जाताच स्थानिक वेळ दाखवतो, आणि जहाजाची वेळ तासानं वेगळी असू शकते. मनगटाला साधं घड्याळ बांधा, जहाजाच्या वेळेवर लावलेलं. समुद्रात मोबाइल एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कचं बिल घरी येईल. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या एजंटाचा नंबर छापलेला असतो, तिचा फोटो काढून ठेवा. खिशात पासपोर्टची झेरॉक्स, दोन दिवसांची औषधं आणि दोन वेगळ्या बँकांची कार्डं. एक व्हिसाचं, एक मास्टरकार्डचं, दोन्हींवर परदेशी वापर चालू केलेला. जहाजावरच्या खात्याला मात्र क्रेडिट कार्डच जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डातले पैसे जहाज अडवून ठेवतं आणि उतरल्यावरही काही दिवस ते सुटत नाहीत.

व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. सिंगापूरहून निघून तिथंच परतणं म्हणजे दुसरा प्रवेश. ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला आलात तरी तेच. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी. विम्यात आजारी माणसाला जहाजावरून हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते बघा. जहाजावरच्या डॉक्टरांची फी वेगळी असते.

मुंबईहून बोट असेल तर सांगली-साताऱ्याच्या लोकांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. सकाळी सीएसएमटीला उतरवते, तिथून बेलार्ड पिअर टॅक्सीनं अगदी जवळ. सिंगापूरसाठी आदल्या दिवशीच पोचा, बोट सुटायच्या दिवशीचं विमान धरू नका. आणि बॅगेत इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, चहाची किटली नको. आगीच्या भीतीनं ते चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. चिवडा बंद पाकिटातला असेल तर सहसा कुणी हरकत घेत नाही, फक्त तो बंदरावर उतरवू नका.

नमस्कार.