रक्ताची बाटली आणि फुगलेली शीर

[दृश्य: रात्रीचा वॉर्ड. स्टँडला लटकलेली रक्ताची पिशवी. एकेक थेंब पडतो आहे.]

आता ती प्लास्टिकची पिशवी असते. तरी आपल्या तोंडी अजून ‘बाटली’च आहे. कुणाचं ऑपरेशन झालं की भेटायला आलेला माणूस हमखास विचारतो, ‘रक्त द्यावं लागलं का? किती बाटल्या लागल्या?’ आकडा ऐकून दुखणं किती मोठं होतं याचा अंदाज बांधला जातो.

आज त्या बाटलीची गोष्ट सांगायची आहे. तिच्याबरोबर अन्ननलिकेचीही. घशापासून जठरापर्यंत उतरणारी, जेमतेम पंचवीस सेंटिमीटर लांबीची ही नळी. बाटली आणि नळी, दोघींचा संबंध काय, असं कुणालाही वाटेल. पण कित्येक माणसांच्या आयुष्यात तो जडला. ज्या बाटलीनं तरुणपणी जीव वाचवला, तिच्यातूनच एक विषाणू अंगात शिरला. वीस-पंचवीस वर्षं तो गप्प बसून यकृत पोखरत राहिला. मग एका रात्री अन्ननलिकेतली शीर फुटली, आणि माणूस पुन्हा त्याच वॉर्डात, पुन्हा बाटलीखाली.

[दृश्य: एंडोस्कोपीचा पडदा. गुलाबी नळीत निळसर, गाठीदार शिरा.]

हे दुर्बिणीतून दिसणारं अन्ननलिकेचं खालचं टोक आहे. या शिरा इथे अशा दिसायला नकोत.

आपण जेवतो, ते पचल्यावर आतड्यांतलं सगळं रक्त आधी यकृतात जातं. तिथे गाळलं जातं, मग हृदयाकडे निघतं. ही वाट म्हणजे पोर्टल शीर. यकृत मऊ असतं तोवर रक्त त्यातून सहज पार होतं. सिरॉसिसमध्ये मात्र यकृत जखमांच्या वणांनी भरतं, गाठीगाठींचं आणि टणक होतं. घाटात दरड कोसळली की गाड्या गावातल्या बोळांतून वाट काढतात, तसंच इथे होतं. अडलेलं रक्त अन्ननलिकेच्या बारीक शिरांत घुसतं. एवढ्या रक्तासाठी त्या शिरा नाहीतच. त्या फुगतात, त्यांची भिंत पातळ होत जाते. यकृताच्या दोन बाजूंमधल्या दाबातला फरक पाऱ्याच्या १२ मिलिमीटरच्या वर गेला की त्या फुटण्याचा धोका सुरू होतो.

फुटतात तेव्हा दुखत नाही. पोटात मळमळतं आणि रक्ताची उलटी होते, कधी बादलीभर. किंवा डांबरासारखी काळी शौच होते आणि माणूस संडासातच चक्कर येऊन पडतो. ज्या घरानं ही रात्र पाहिली आहे, त्या घराला ती विसरता येत नाही.

सिरॉसिस म्हटलं की आपल्याकडे लगेच दारूकडे बोट जातं. आयुष्यात दारूचा थेंबही न घेतलेल्या बाईलाही नातेवाईक कुजबुजत विचारतात. हा अन्याय आहे. दारू हे एक कारण झालं. हिपॅटायटिस, म्हणजे यकृताला येणारी सूज. ती आणणारे बी आणि सी हे विषाणू हीही मोठी कारणं आहेत. आणि सी कसा पसरला याचं फार मोठं उत्तर त्या बाटलीत होतं.

[दृश्य: अमेरिकेतल्या बेथेस्डा गावातलं विटांचं उंच रुग्णालय. जुनी कृष्णधवल चित्रं.]

रक्त दिल्यानंतर काही महिन्यांनी कावीळ होते, हे डॉक्टरांच्या लक्षात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच आलं होतं. १९४३ साली पॉल बीसन या डॉक्टरांनी असे सात रुग्ण नोंदवले. पण किती जणांना होते, कुणाच्या रक्तातून होते, हे कळायला एकच मार्ग होता. रक्त दिलेला माणूस घरी गेल्यावरही त्याचा माग सोडायचा नाही.

बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, १९६०च्या दशकात हेच काम सुरू झालं. तिथे हृदयाची ऑपरेशनं होत. त्या काळी एकेका ऑपरेशनला दहा-पंधरा बाटल्या लागणं नवलाचं नव्हतं. घरी गेल्यावरही हे रुग्ण पहिले काही महिने दर एक-दोन आठवड्यांनी, मग जरा विरळ, रक्ताचा नमुना द्यायला येत राहिले. नमुन्यात एएलटी मोजलं जाई. आपल्याकडच्या रिपोर्टवर तेच ‘एसजीपीटी’ म्हणून छापलेलं असतं. यकृताला इजा झाली की हा आकडा चढतो. प्रत्येक नमुन्याचा थोडा भाग कडक थंडीत गोठवून ठेवला जाई. पुढे या कामाची धुरा हार्वे ऑल्टर या डॉक्टरांनी दशकानुदशकं वाहिली.

या संशोधनात मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोठवलेल्या कुप्यांची रांग. त्या नमुन्यांत काय शोधायचं हे ठेवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस, छातीवरचा व्रण अजून ओला, आणि तो दर पंधरवड्याला हात पुढे करायला येतो. त्याला स्वतःला त्यातून काहीच मिळायचं नव्हतं. त्या शेकडो माणसांची नावं कुठल्याही पदकावर नाहीत. पण त्यांच्या रक्तावाचून पुढचं काहीच घडलं नसतं.

आकडे आले ते हादरवणारे होते. तिथे ऑपरेशन झालेल्यांपैकी ३० टक्क्यांहून जास्त जणांना हिपॅटायटिस होत होता. बहुतेकांचे डोळे पिवळे झालेच नाहीत. ते फक्त एएलटीच्या आकड्यात दिसलं. आपल्याकडे कावीळ म्हणजे पिवळे डोळे, पिवळी लघवी, गावातलं झाडपाल्याचं औषध आणि तेलकट बंद. डोळे पांढरे असले की कुणी शंकाही घेत नाही. हा आजार नेमका त्याच आडोशाला लपून राहिला.

मग त्यांनी रक्त कुणाचं होतं ते पाहिलं. तेव्हा अमेरिकेत पैसे घेऊन रक्त देणारे पुष्कळ होते. असं विकत घेतलेलं रक्त ज्यांना मिळालं, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना हिपॅटायटिस झाला. फक्त स्वेच्छेनं दिलेलं रक्त मिळालेला गट लहान होता, त्यात एकालाही नाही. यात रक्त विकणाऱ्याला दोष देऊन चालणार नाही. चार पैशांसाठी ज्याला बाही वर करावी लागते, तो ‘मला मागे कावीळ झाली होती’ हे कशाला सांगेल? १९७० साली तिथे विकतचं रक्त बंद झालं आणि हिपॅटायटिस बीची चाचणी सुरू झाली. प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास उतरलं.

बीची ती चाचणी आली कुठून, तीही गोष्ट इथेच जोडलेली आहे. बरूक ब्लूमबर्ग आणि तरुण ऑल्टर वारंवार रक्त घेतलेल्या हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांचं रक्तद्रव तपासत होते. त्यातलं एक ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी माणसाच्या नमुन्याशी प्रतिक्रिया देऊन गेलं. त्यातून सापडलं ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं बाहेरचं आवरण. ब्लूमबर्गना १९७६ साली नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै. जागतिक हिपॅटायटिस दिन त्याच तारखेला पाळतात.

[दृश्य: फ्रीझरचं दार उघडतं. धुक्यातून कुप्यांच्या ओळी.]

पण ते १० टक्के का उरले?

१९७३ साली त्याच संस्थेत स्टीफन फाइनस्टोन, आल्बर्ट कपिकियन आणि रॉबर्ट पर्सेल यांनी हिपॅटायटिस एचा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. मग ऑल्टर यांच्या कुप्या बाहेर निघाल्या. उरलेल्या रुग्णांत ए असेल असा कयास होता. एकातही ए नव्हता. बीही नव्हता. १९७५ साली हे प्रसिद्ध झालं आणि आजाराचं नाव पडलं ‘नॉन-ए, नॉन-बी’. म्हणजे काय नाही तेवढंच ठाऊक, काय आहे ते नाही. पुढची चौदा वर्षं हेच नाव चाललं.

१९७८ साली हे रक्त चिंपांझींना टोचल्यावर त्यांनाही आजार झाला. म्हणजे संसर्गजन्य काहीतरी नक्की होतं. इकडे रुग्णांच्या यकृताचे तुकडे तपासले जात होते आणि साधा, सौम्य वाटणारा हा आजार काहींना सिरॉसिसपर्यंत नेताना दिसत होता. अन्ननलिकेतल्या त्या निळसर शिरा पुन्हा इथे येऊन भेटतात.

याच काळात पुण्याचाही एक धागा या गोष्टीत आला. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या दूषित पाण्यातून काविळीची प्रचंड साथ आली होती. त्या साथीतले नमुने जपून ठेवलेले होते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि पर्सेल यांचा गट यांनी ते पुन्हा तपासले. १९८० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ती साथ एचीही नव्हती आणि बीचीही नव्हती. पाण्यातून येणारा तो वेगळा विषाणू पुढे हिपॅटायटिस ई म्हणून ओळखला गेला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुप्या फेकून दिल्या असत्या, तर पुण्यातल्या शास्त्रज्ञांच्या हाती काय उरलं असतं?

[दृश्य: प्रयोगशाळेतली काचेची तबकडी, तिच्यावर जिवाणूंचे शेकडो ठिपके.]

रक्तातला विषाणू मात्र सूक्ष्मदर्शकात दिसेना, प्रयोगशाळेत वाढेना. कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत मायकल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी वाट बदलली. आजारी चिंपांझीचं रक्तद्रव त्यांना डॅनियल ब्रॅडली यांच्याकडून मिळालं. त्यातल्या जनुकांचे तुकडे त्यांनी जिवाणूंत घातले आणि रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांना, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं त्या अँटिबॉडींना, विचारलं, यातलं कुणाला ओळखता? लाखो ठिपक्यांत अखेर एकानं ओळख दिली. १९८९ साली जगाला नाव मिळालं, हिपॅटायटिस सी.

चाचणी खरी की खोटी, याची परीक्षा ऑल्टर यांच्याकडे होती. त्यांनी सांकेतिक क्रमांक घातलेल्या नमुन्यांचा एक संच केला होता. त्याआधी कित्येक प्रयोगशाळांनी ‘आम्हाला विषाणू सापडला’ म्हणून तो संच मागवला होता आणि एकीलाही तो सुटला नव्हता. कायरॉनच्या चाचणीला सुटला. मग जुन्या कुप्यांची पाळी आली. नॉन-ए, नॉन-बी जुनाट झालेल्या पंधराच्या पंधरा रुग्णांत सीचे प्रतिपिंड उमटलेले दिसले. रक्त दिल्यापासून ते उमटायला सरासरी सुमारे २२ आठवडे लागले होते. म्हणजे चाचणी निर्दोष सांगते आणि रक्तात विषाणू असतो, असा मधला काळ उरतोच. पुढच्या चाचण्यांनी हा काळ पुष्कळ कमी केला, आणि विषाणूचं जनुकच शोधणाऱ्या नॅट चाचणीनं त्याहून.

हॉटन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०१३ साली त्यांना कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार जाहीर झाला. चू आणि कुओ यांची नावं त्यात नव्हती, म्हणून त्यांनी तो नाकारला. २०२० साली ऑल्टर, हॉटन आणि हा विषाणू एकटाच आजार घडवतो हे दाखवणारे चार्ल्स राइस यांना नोबेल मिळालं. एका वेळी तिघांनाच मिळू शकतं. चू आणि कुओ तेव्हाही बाहेर राहिले.

[दृश्य: महाराष्ट्रातलं एक रक्तदान शिबिर. मंडप, खाटा, हातात रबरी चेंडू.]

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८पासून रक्ताची विक्री बंद झाली. प्रत्येक पिशवीची सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. शिबिरातल्या फॉर्मवर ‘कावीळ झाली होती का?’ असा प्रश्न असतो. रांगेत उभ्या पोरांना तो कंटाळवाणा वाटतो. त्या एका ओळीमागे बेथेस्डाची ती सगळी वर्षं आहेत.

पण ज्यांची शीर आधीच फुगली आहे, त्यांचं काय?

पूर्वी दुर्बिणीतून शिरेत सुई घालून तिला सुकवणारं औषध टोचत. मग अमेरिकेत डेन्व्हरच्या ग्रेग स्टीगमन यांनी फुगलेल्या शिरेला आतूनच छोटं रबर बँड बांधायची पद्धत आणली. १९९२ साली १२९ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध झाली. टोचणीच्या गटात ४५ टक्के रुग्ण दगावले, बँडच्या गटात २८ टक्के. दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात शिवकुमार सरीन यांनी पुढचा प्रश्न विचारला. अजून एकदाही न फुटलेल्या, पण मोठ्या झालेल्या शिरा आधीच बांधल्या तर? १९९९ साली उत्तर आलं. दीड वर्षात रक्तस्राव होण्याची शक्यता शिरेतला दाब कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलच्या गोळीवर ४३ टक्के होती, बँड बांधल्यावर १५ टक्के.

आणि मग बाटली पुन्हा मध्ये येते. रक्ताची उलटी झालेल्या माणसाला रक्त जितकं देता येईल तितकं द्यावं, असं कुणालाही वाटेल. बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक तर हात जोडून तेच मागतात. बार्सिलोनात ९२१ रुग्णांवर हे तपासून पाहिलं गेलं. एका गटाला हिमोग्लोबिन ७च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, दुसऱ्याला ९च्या खाली गेल्यावर. हातचं राखून दिलेल्या गटात सहा आठवड्यांनी ९५ टक्के जिवंत होते, सढळ हातानं दिलेल्यांत ९१. सढळ दिलेल्या रक्तानं पोर्टल शिरेतला दाब वाढत होता, म्हणजे फुटलेल्या जागेवरच जोर येत होता. धो धो रक्त जाणाऱ्यांना या प्रयोगात घेतलंच नव्हतं, त्यांचा हिशोब वेगळा. पण ‘डॉक्टर, अजून एक बाटली लावा ना’ याला डॉक्टर कधी ‘थांबू’ म्हणाले, तर तो हलगर्जीपणा असेलच असं नाही.

[दृश्य: सरकारी दवाखान्याची खिडकी. गोळ्यांची डबी हातात पडते.]

हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो. रोजच्या गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे. शंभरातल्या ९५हून जास्त जणांच्या अंगातून विषाणू कायमचा जातो. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. सिरॉसिस झालेला असेल, तर विषाणू गेला तरी शिरा एका दिवसात ओसरत नाहीत. दुर्बीण करत राहावं लागतं.

[दृश्य: घराची ओटी. एक वयस्क बाई तांदूळ निवडते आहे.]

१९९५ साली बाळंतपणात बाटली लागलेली बाई आज साठीच्या आसपास असेल. तिला काही होत नसतं. थोडा थकवा असतो, तो वयाचा म्हणून सोडून दिलेला. डोळे पांढरेशुभ्र. ज्या वर्षी तिला रक्त मिळालं, त्या वर्षी त्या बाटलीवर सीची तपासणी सक्तीची नव्हती, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तुमच्या घरात अशी कुणी असेल, आई, मावशी, आत्या, किंवा १९९०च्या दशकात अपघातात सापडलेले काका, तर त्यांना एकदा विचारा, तेव्हा बाटली लागली होती का? हो म्हणाले, तर ‘अँटी-एचसीव्ही’ची, म्हणजे सीच्या प्रतिपिंडांची, तपासणी करून घ्या. त्याला पाच मिलिलिटर रक्त पुरतं.