दुसऱ्या टोकाचा वर्ग

[जुनं छपाई यंत्र, शिशाचे खिळे, मुलांचे हात]

फ्रान्सच्या दक्षिणेला डोंगरात एक छोटंसं गाव आहे, बार-स्युर-लू. 1920 च्या दशकात इथल्या शाळेत सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन त्यांची फुप्फुसं अधू झालेली, वर्गात तासन्‌तास बोलणं झेपायचंच नाही. मग त्यांनी वर्गात एक लहानसं छपाई यंत्र आणलं. मुलं आपल्या गावाबद्दल, घरच्या कामांबद्दल लिहायची, एकेक खिळा जुळवून स्वतःच छापायची, आणि ती पानं पोस्टाने जायची देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ब्रेतान्यमधल्या समुद्रकाठच्या एका शाळेत. तिकडून तिकडच्या मुलांनी छापलेली पानं यायची.

शंभर वर्षं होत आली या गोष्टीला, आणि तरी मला वाटतं की परदेशातल्या शाळेशी जोडून घ्यायचंय असं म्हणणाऱ्या प्रत्येक टीचरने सुरुवात इथूनच समजून घ्यावी. कारण बाईंना तपासायला दिलेला निबंध आणि खरोखर कोणीतरी वाट बघतंय म्हणून लिहिलेलं पत्र, यात मुलं केवढा फरक करतात हे ज्याने वर्गात पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. अक्षर सुधारतं, आळस जातो, आणि जे रोज डोळ्यासमोर असतं पण कधी नीट बघितलेलं नसतं तेही बघावं लागतं, कारण समोरच्याला ते माहीतच नाही!

आज इंटरनॅशनल एज्युकेशन म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, तर विमानाची तिकिटं, चकचकीत ब्रोशर, मोठी फी. आणि शाळेत काय होतं, तर एक व्हिडिओ कॉल. इकडची मुलं हात हलवतात, तिकडची मुलं हात हलवतात, तुझा आवडता रंग कुठला, तुझा आवडता खेळ कुठला, दहा मिनिटांत विषय संपतो, फोटो काढला जातो आणि पुढच्या वर्षीपर्यंत शांतता. यात कोणाची चूक नाही, पण दोन वर्गांच्या हातात मिळून करायचं असं काही कामच नसेल तर ओळख होणार तरी कशी?

[उन्हात उभी काठी, जमिनीवर खडूच्या खुणा]

म्हणून हे काम बघा, दोन शाळांनी मिळून सावलीवरून पृथ्वीचा घेर काढायचा. खर्च जवळपास शून्य. एक मीटरची काठी, सपाट जमीन, खडू आणि मोजपट्टी. दिवस निवडायचा तो दिवस-रात्र सारखे असतात तो, म्हणजे 20 मार्च किंवा 22-23 सप्टेंबरच्या आसपासचा. दुपारी दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करत जायचं आणि सगळ्यात आखूड सावली पकडायची. घड्याळातले बारा वाजले म्हणजे सूर्याची दुपार झाली असं नसतं, हे मुलांना तिथल्या तिथे कळतं, वेगळा धडा लागत नाही.

आता समजा एक शाळा 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, तिथे सावली येईल साधारण 36 सेंटिमीटर. दुसरी 50 अंशावर, तिथे जवळजवळ 119. सावलीवरून काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन काढला की दोन्हींतला फरक 30 अंश, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा बारावा भाग. दोन्ही शाळांमधलं उत्तर-दक्षिण अंतर नकाशावर मोजायचं, ते सुमारे 3,330 किलोमीटर, त्याला 12 ने गुणायचं, की चाळीस हजारांच्या अगदी जवळ पृथ्वीचा घेर हातात! अलेक्झांड्रियात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने साधारण 2,200 वर्षांपूर्वी याच विचाराने हिशोब केला होता. आणि पार्टनर शाळा दक्षिण गोलार्धातली असेल तर अजून मजा, कारण तिकडून फोटो येतो त्यात सावली दक्षिणेकडे पडलेली असते, वर्गात पाच मिनिटं वाद होतो की यांनी काठी उलटी बघितली का काय, आणि मग कोणीतरी म्हणतं, अरे मग कोन वजा नाही करायचे, त्यांची बेरीज करायची.

या हिशोबाची खरी ताकद अशी की एकट्या शाळेला हे उत्तर काढताच येत नाही, समोरच्यांचा आकडा लागतोच. त्यांनी मोजताना घाई केली तर आपलं उत्तर चुकतं, आपण चुकलो तर त्यांचं. एकमेकांवर असं अवलंबून राहिलं की आपोआप काळजीपूर्वक विचारलं जातं, नीट ऐकलं जातं, आणि माझ्या मते जागतिक नागरिकत्व शिकवायचं तर ते इथेच, भाषणात नाही.

अशी कामं जमवून देणारी नेटवर्क्स आहेत, आणि बरीच जुनी आहेत. युनेस्कोचं सहयोगी शाळांचं जाळं 1953 पासून चालू आहे. 1988 साली, शीतयुद्ध संपलेलं नसताना, न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा कॉम्प्युटरने जोडल्या गेल्या, त्यातून पुढे आय-अर्न हे शाळांचं जाळं उभं राहिलं, जे आज शंभरहून जास्त देशांत आहे. त्यात अगदी लहान मुलांसाठी टेडी बेअरचा प्रोजेक्ट आहे, दोन वर्ग आपापलं खेळणं एकमेकांना पाठवतात आणि पाहुणं आलेलं खेळणं रोज काय बघतंय ते त्याच्या नावाने मुलं लिहून कळवतात. युरोपात ई-ट्विनिंग 2005 मध्ये सुरू झालं. विज्ञानाची आवड असेल तर ग्लोब नावाचा कार्यक्रम, 1995 पासून शाळांतली मुलं ढग, पाऊस, माती, पाणी यांची मोजमापं त्यात भरतायत आणि तो डेटा सगळ्यांना खुला आहे.

[शिक्षकांची कार्यशाळा]

शिक्षकांसाठीही दारं आहेत. फुलब्राइट या अमेरिकन सरकारच्या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या योजनेत माध्यमिक शिक्षकांसाठी एक कार्यक्रम असा आहे की वेगवेगळ्या देशांतले शिक्षक सहा आठवडे अमेरिकेतल्या विद्यापीठात राहून शिकतात आणि तिथल्या शाळांमध्ये बसतातही. सोलमधलं युनेस्कोशी जोडलेलं ॲपसियू हे केंद्र आशिया-पॅसिफिकमध्ये शिक्षकांची दोन्ही बाजूंनी देवाणघेवाण घडवतं. पात्रता आणि तारखा बदलत असतात, त्यामुळे दरवेळी अधिकृत साइटवरच बघा, आणि कोणी फक्त सर्टिफिकेटसाठी पैसे मागत असेल तर आधी एकच विचारा, यात माझ्या वर्गातली मुलं नेमकं काय करणार?

बरं, अडचणी. मोठी अडचण वेळेची, आणि वर्षाची सुद्धा. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, युरोपात बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरमध्ये, ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या शेवटी, आणि मार्चच्या शेवटी जपानी मुलं सुट्टीवर असतात, म्हणून सावलीचा प्रयोग त्यांच्याबरोबर करायचा तर सप्टेंबरच बरा. लाइव्ह कॉलच्या मागे फार लागू नका, एकीकडे शाळा भरते तेव्हा दुसरीकडे मुलं झोपलेली असतात. पत्रं, आवाजाच्या छोट्या रेकॉर्डिंग, फोटो, यावर सगळं उत्तम चालतं. ज्या शाळेत एकच फोन आणि अधूनमधून नेट आहे ती सुद्धा यात बरोबरीने उतरते.

मुलांची पूर्ण नावं, पत्ते, चेहऱ्याचे फोटो असंच पाठवून देऊ नका, आधी पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि पत्रव्यवहार शिक्षकाच्या खात्यावरूनच होऊ द्या.

आणि दोन्हीकडच्या टीचरनी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकायचं, काम काय, किती आठवडे, उत्तर किती दिवसांत यायला हवं, आणि परीक्षा आडवी आली तर दोन ओळी टाकून कळवायचं, कारण तिकडे एक अख्खा वर्ग आपल्या आकड्यासाठी थांबलेला असतो.