ऑस्टिनबाईंचे बंद दार

श्रोतेहो, नमस्कार.

जेन ऑस्टिन यांची ‘एमा’ ही कादंबरी १८१५ च्या डिसेंबरात बाहेर आली. तिच्या शेवटाकडे मिस्टर नाइटली एमाजवळ आपले प्रेम बोलून दाखवतात, आणि शेकडो पाने आपण ज्या उत्तरासाठी थांबलो ते देण्याची वेळ येते, तेव्हा लेखिका आपल्यालाच विचारते, की ती काय म्हणाली असेल? मग स्वतःच सांगते, की जे म्हणायला हवे तेच म्हणाली. कुलीन स्त्री नेहमी तेच म्हणते. एमाच्या तोंडचा एक शब्दही आपल्या कानी पडत नाही. हे वाक्य मी आत्ता तुम्हाला सांगू शकलो, एवढ्यापुरते आमचे रेडिओचे माध्यम सिनेमापेक्षा सुखी आहे. दिग्दर्शकापुढे मात्र नटी उभी असते, कॅमेरा सुरू असतो आणि तिला काहीतरी करावेच लागते.

ऑस्टिनबाईंच्या कादंबऱ्यांवरचे चित्रपट पाहताना मी म्हणूनच पोशाख, वाडे आणि घोडागाड्या यांच्यापेक्षा याच एका जागेकडे लक्ष ठेवतो. बाईंची ही सवय जुनी आहे. १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सी नायिका एलिझाबेथला लग्नाचे पहिले मागणे घालतो, ते आठवा. एलिझाबेथचे डोके दुखते आहे, ती केंटमधल्या पाद्र्याच्या घरी एकटीच बहिणीची पत्रे वाचत बसली आहे आणि डार्सी अचानक आत येतो. त्याच्या तोंडी लेखिका चार छोटी वाक्ये देते आणि तिथेच त्याचे बोलणे स्वतःच्या हाती घेते. तो चांगले बोलला, पण प्रेमाइतकाच तिच्या घराण्याच्या हलकेपणाबद्दलही बोलला, असा गोषवारा ती आपल्याला देते. पुढे नकारावरून दोघांची जुंपते, तेव्हा मात्र शब्दाला शब्द जसाच्या तसा. भांडण साक्षात आणि प्रेम सारांशाने, असा हा सारा हिशेब आहे.

पटकथाकाराला त्यामुळे भांडण आयते मिळते आणि प्रेम स्वतः लिहावे लागते. १९९५ च्या बीबीसी मालिकेत अँड्र्यू डेव्हिस यांनी तो गोषवारा उलगडून डार्सीच्या तोंडी घातला. आपले कुटुंब, आपले मित्र, आपली स्वतःची समजही या विवाहाच्या विरुद्ध आहे, असे डार्सी झालेला कॉलिन फर्थ ज्या अवघडलेपणाने बोलतो, ते ऐकताना मूळ वाक्यांतला उपरोध बराचसा शाबूत राहिल्याचे जाणवते. २००५ च्या चित्रपटात जो राइट यांनी पाद्र्याचे घर सोडले आणि दोघांना मुसळधार पावसात विल्टशरमधील स्टाउरहेडच्या बागेतल्या एका देवळाच्या आडोशाला आणून उभे केले. दृश्य देखणे आहे, यात शंका नाही. परंतु कादंबरीतली खरी कोंडी त्या लहानशा बैठकीच्या खोलीत होती, जिथून कोणालाही सभ्यपणे बाहेर पडता येत नव्हते, आणि ती पावसाने वाहून नेली असे मला वाटते. त्याच चित्रपटात एलिझाबेथला गाडीत चढायला हात दिल्यावर डार्सी पाठ फिरवून चालू लागतो आणि त्याच्या हाताची बोटे क्षणभर ताठ होऊन फाकतात. त्या एका निःशब्द क्षणावर मी तो सगळा पाऊस ओवाळून टाकीन.

खुद्द एमाच्या उत्तराचे काय झाले, तेही सांगतो. २०२० च्या चित्रपटात नाइटली बोलत असताना एमाच्या नाकातून रक्त येऊ लागते. कुलीन स्त्रीने काय म्हणायला हवे ते तिला ठाऊक असते, पण नाक ऐकत नाही. मूळ पुस्तकात याचा मागमूस नाही, तरी बाईंना ही चेष्टा आवडली असती, असा माझा तर्क आहे.

‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ या १८११ च्या कादंबरीपाशी मात्र थोडे थांबावे लागेल. नायिका एलिनॉरचे ज्याच्यावर प्रेम आहे, त्या एडवर्डचे लग्न दुसरीशी झाले, अशी तिची समजूत असते. तो येतो आणि अडखळत सांगतो की त्या मुलीने माझ्या धाकट्या भावाशी लग्न केले. हे सांगताना तिथे पडलेली कात्री तो उचलतो आणि बोलता बोलता तिच्या म्यानाचेच तुकडे करीत सुटतो. एलिनॉरला आता बसवत नाही. ती जवळजवळ धावतच खोलीबाहेर जाते आणि दार लागताच आनंदाने रडू लागते. पुढे त्याने मागणी कशी घातली आणि ती कशी स्वीकारली गेली, हे वेगळे सांगायला नको, असे म्हणून लेखिका मोकळी होते.

१९९५ मध्ये अँग ली यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाची पटकथा एमा थॉम्पसन यांनी लिहिली, एलिनॉरची भूमिकाही त्यांनीच केली आणि त्या पटकथेला ऑस्कर मिळाले. त्यांनी हा प्रसंग नेमका उलटा केला. एलिनॉर खोलीतच राहते, आयुष्यभर आवरून धरलेला हुंदका एडवर्डसमोरच फुटतो, आणि बाहेर पळतात ते घरातले इतर लोक. जे दार लेखिकेने नायिकेमागे लावले होते, ते पटकथेने आई आणि बहिणींच्या मागे लावले.

हा एक उघडा हुंदका घेतल्यानंतर थॉम्पसनबाई लेखिकेचे देणे फेडतात. मागणीचे शब्द आपल्याला ऐकवले जात नाहीत. आई आणि बहीण मेरिऍन बाहेर ताटकळत आहेत, धाकटी मार्गारेट झाडावरच्या आपल्या खोपट्यात चढून घराकडे पाहते आहे, आणि तो गुडघे टेकतो आहे, ही बातमी तीच वरून ओरडून खाली देते.