चपला उशाशी

श्रोतेहो, नमस्कार. आज घर सोडून घाटावर एकट्यानं राहणाऱ्या एका मुलाची गोष्ट सांगते.

सासऱ्यांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो होतो. डिसेंबरातली सकाळ, आणि नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको. विधी आटोपला, मी दोनचं नाणं गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत सोडलं. पायरीवर बसलेल्या दहा-अकरा वर्षांच्या पोरानं दोरीला बांधलेलं चुंबक टाकलं, नाणं वर काढलं आणि माझ्यापुढे धरलं. म्हणाला, "काकू, हे तुमचंच. पुन्हा टाका."

मी त्याच्याशेजारीच बसले. दोनचं चिकटतं, पाचचं पितळी चिकटत नाही, त्याला बुडी मारावी लागते, हे त्यानंच सांगितलं. मी विचारलं, सत्तावीस नाणी दोनची आणि चौदा एकची, किती झाले? "अडुसष्ट." बोटंही मोडली नाहीत. शाळेचं तोंड न पाहिलेला मुलगा! आम्हा शिक्षकांनी पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, सोडली ही मोठी चूक झाली, असं माझं ठाम मत आहे. असो.

निघताना म्हटलं, बुधवारी येते. गेले. तो बोललाच नाही. पुढच्या बुधवारीही गेले. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "मागच्या वेळी आरती झाल्यावर आलात." म्हणजे तो वाट बघत होता! म्हणून सांगते, सांगितलेल्या दिवशी जा. या मुलांना "येतो हं" म्हणून न फिरकलेली माणसं खूप भेटलेली असतात.

गाव कोणतं, घर का सोडलं, हे मी विचारलं नाही. पाठीवरचे वळ दिसत होते. महिन्याभरानं बालगृहाविषयी तोच म्हणाला, "तिथं मारत नाहीत ना?" मग मी 1098 ला फोन लावला. लहान मुलांची मदतवाहिनी ती, फोन मोफत, रात्री-अपरात्रीही चालतो. असं मूल ताब्यात घेतलं की 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. घरी धाडायचं की बालगृहात ठेवायचं, ते समिती चौकशी करून ठरवते. आपण परस्पर घरी नेऊन ठेवायचं नाही.

बालगृहात पहिल्या रात्री तो पलंगावर झोपला नाही. दाराशी, फरशीवर, चपला उशाशी घेऊन. कधीही पळता यावं म्हणून. तिथल्या बाईंनी त्याला उठवलं नाही. आपली गोधडी त्याच्याशेजारी अंथरली आणि त्याही तिथंच झोपल्या. असं किती रात्री चाललं, मोजलं नाही. एक दिवस बाईंचा फोन आला, "मॅडम, चपला रॅकवर ठेवल्या त्यानं." मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

शाळेचं थोडक्यात सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं अशा मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं, वयाचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मागे राहिलेलं भरून काढायला खास शिकवणी असते. तो पाचवीत बसला. गणितात पुढे, वाचनात अडखळत. आज कामाला आहे, म्हणून नाव सांगत नाही.

2027 च्या सिंहस्थाला घाटावर पाय ठेवायला जागा नसेल. नाशिकरोड स्टेशनवर, पंचवटीत एकटं मूल दिसलं तर हातावर पैसे टेकवून पुढे जाऊ नका. शेजारी बसा. फोन करा. पुन्हा सांगते, लिहून घ्या: एक, शून्य, नऊ, आठ. 1098.

नमस्कार.